न सांगता कळणारी

लग्नाच्या आदल्या दिवशी चांगुणाबाई सकाळपासून रुखवताच्या करंज्या मुरडत बसल्या होत्या. साल चौऱ्याहत्तर, वैशाख महिना. भांडगावात त्यांचे धाकटे दीर सोपानराव यांच्या लेकीचं, शेवंताचं लग्न होतं. चांगुणाबाईंची एकुलती एक लेक रंभा लग्नानंतर दौंडच्या शाळेत शिक्षिका होती. सुट्टी लागताच एसटीने आली आणि आईसमोर बसून तीही करंज्या करू लागली. तिची मुरड सारखी उसवत होती.

"मास्तरीणबाई, तुमची करंजी कढईत तोंड उघडनार बघा," आई म्हणाली. "पोरांना काय शिकवता कुनाला ठावं."

"बाराखडी शिकवते. मुरड नाही."

"तरीच."

दोघी हसल्या. आईने मध्येच डावा खांदा चोळला. दळणकांडणाने भरून आलाय, म्हणाली. रंभाने पुढे विचारलं नाही.

वीस वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून भावकीतलं एकही रुखवत चांगुणाबाईंच्या हाताशिवाय झालं नव्हतं. मात्र मांडलेलं रुखवत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मुहूर्ताची वेळ झाली की त्या आपणहून धान्याच्या खोलीत जात, दार ओढून घेत आणि अक्षता पडल्या की बाहेर येऊन पंगतीचं बघत. कुणी जा म्हणत नसे, कुणी थांब म्हणत नसे. कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं.

रंभाने शाळेत वरच्या वर्गाकडून विधवांच्या स्थितीवर निबंध लिहून घेतले होते. उद्या आईला मांडवात आपल्याशेजारी बसवायचं, असं ती एसटीतच ठरवून आली होती. दिवसभर दोघी समोरासमोर होत्या, पण ते बोलणं निघालं नाही. चुलत्याच्या दारात ऐन लग्नात कशाला वाद, असं तिने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्त होता. धान्याच्या खोलीवर पत्रा, खिडकी नाही. आत चांगुणाबाई आणि शेजारच्या साळूबाई बसल्या होत्या, त्याही विधवा. मंगलाष्टकं चालू असताना रंभा नवरीच्या मागे उभी होती. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजून थांबली, पानं मांडली गेली, तरी आई दिसेना. रंभा खोलीकडे गेली. दाराला कडी लावलेली नव्हती, बाहेरूनही नाही आणि आतूनही नाही.

आई ज्वारीच्या पोत्याला टेकली होती. साळूबाई तिचा हात धरून बसल्या होत्या.

"छातीत कळ आली म्हनली," साळूबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, कुनाला हाक मारू का? तर म्हनली, पोरीच्या डोक्यावर अक्षता पडू द्या, मग मारा. मला बी ते बरूबर वाटलं, रंभाताई. मी बी बसले. वाजंत्री थांबली तवा हात गार पडला व्हता."

तेराव्याला ओसरी माणसांनी भरली. सोपानराव वाईट माणूस नव्हते. भावजयीसाठी ते पोरासारखे रडले होते. आलेल्या प्रत्येकाला ते सांगत, वहिनीला उभ्या जन्मात कधी सांगावं लागलं नाही, न सांगता कळायचं तिला. बायका माना हलवत होत्या.

इतक्यात शेवंता नवऱ्याबरोबर सासरहून पहिल्यांदाच दारात आली. साळूबाईंनी पदर सावरला आणि त्या उठून खोलीकडे निघाल्या. बायकांनी पाय आखडून त्यांना वाट दिली. रंभाने त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"रंभे," सोपानराव हळू म्हणाले, "नवी जोडी पयल्यांदा उंबरा वलांडतीय. जाऊ दे तिला."

रंभाचा आवाज चढला नाही.

"आबा, तुम्हांला एकट्याला दोष देत नाही. माझ्या लग्नातही आई त्याच खोलीत होती. अक्षता पडत होत्या, तेव्हा मला ते ठाऊक होतं. दार हाकेच्या अंतरावर होतं. मी शिकलेली होते. आणि मला बरं वाटलं, की ती आपणहून गेली, मला काही म्हणावं लागलं नाही."

शेवंता उंबऱ्याबाहेरच थांबली होती. साळूबाईंचा हात अजून रंभाच्या हातात होता. रंभाने खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि जित्या माणसाला हाक मारावी तशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती म्हणाली,

"आई, आत जाऊ नकोस. इथं माझ्याजवळ बस."