समजदार

"रंजीता, मी काय बोलून राह्यली ते समजते न तुले?"

"हो."

"तुह्यावर केस आहे, मालूम आहे?"

"हो."

नाहीद सिस्टरनं कागदावर लिहिलं: प्रश्न समजतात, शांत आहे.

वीस वर्षांची रंजीता धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावाची. चुलत्याच्या घराला आग लागली आणि त्यात त्याची म्हातारी सासू गेली. "तूच लावली का?" असं पोलिसांनी विचारल्यावर रंजीता हो म्हणाली होती. वकिलाला शंका आली. खटला चालवण्याइतकी समज तिला आहे की नाही, हे पाहण्यासाठी कोर्टानं तिला दहा दिवस मानसोपचार वॉर्डात पाठवलं.

त्या दिवसांत तिनं वॉर्डातल्या चादरींच्या घड्या घातल्या, कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हातारीचे केस रोज विंचरले. नाहीदला तिचा लळा लागला. आठव्या दिवशी उर्वशी आयानं गंमत म्हणून विचारलं, "काय वं, कलेक्टर आहेस का तू?"

"हो."

सगळे हसले. नाहीदही हसली आणि मग तिला पोलिसांना दिलेला तो 'हो' आठवला.

ते तिनं लिहिलं नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत वेडाचा शिक्का बसलेल्या कितीतरी पोरी तिनं स्वतः मनोरुग्णालयात पोचवल्या होत्या. त्यांना परत न्यायला कोणी आलं नव्हतं. हिचं तरी तसं होऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

सही करण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही तिला रोज पाहिलंत. काय वाटतं?"

"समजदार आहे, सर."

खटला उभा राहिला. गुन्हा कबूल आहे का, हे न्यायाधीशांनी दोनदा विचारलं. रंजीता दोन्ही वेळा हो म्हणाली. सात वर्षांची शिक्षा झाली.

चार महिन्यांनी तिचा बाप पत्रू वॉर्डाच्या दारात चपला काढून उभा राहिला.

"बाई, पोरगी समजदार आहे म्हून तुमीच सांगतलं का?"

नाहीदनं होकारार्थी मान हलवली. आता हा माणूस शिव्या देणार, असं तिला वाटलं.

"आजवर कोनी तिले समजदार नाई म्हटलं," पत्रू म्हणाला. "वकिलानं सांगतलं तं आयकून बरं वाटलं मले. पन ते खरं नाई, बाई. कोनी रागावू नये म्हून पोरगी सगळ्याईले हो म्हणते. लहानपनापासूनच."

"मले मालूम होतं, भाऊ," नाहीद म्हणाली.

पत्रूनं तिच्याकडे पाहिलं. चपला घातल्या आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नाहीदनं वकिलाचं घर गाठलं. कलेक्टरची गोष्ट, आपलं हसणं आणि मग ते लपवणं, सगळं तिनं प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं. "रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत तुमची. कशाला हे?" डॉक्टर म्हणाले. चौकशी बसली, वॉर्ड सुटला, लसीकरणाच्या खोलीत बदली झाली.

वरच्या कोर्टानं नव्यानं तपासणी करायला लावली. या वेळी डॉक्टरांनी 'समजतं का' असं विचारलं नाही. तुरुंग म्हणजे काय ते सांग, म्हणाले.

"होस्टेल," रंजीता म्हणाली. चौथीपर्यंत ती आश्रमशाळेत होती. "पन दिवाळीची सुट्टी देत नाईत."

शिक्षा रद्द झाली. खटला थांबवून तिला बापाच्या हवाली करण्यात आलं. एवढं व्हायला दीड वर्ष गेलं आणि त्याच दीड वर्षात तिची आई धुरपता तापानं गेली.

नाहीद बसस्टँडवर भेटायला गेली.

"तिले सांगतलं?" तिनं पत्रूला हळूच विचारलं.

"घरी गेल्यावर सांगतो, बाई. इथी नाई."

रंजीता धानोऱ्याच्या बसमध्ये आधीच चढली होती. खिडकीपाशी बसून तिनं शेजारच्या सीटवर आपलं गाठोडं ठेवलं होतं.

"आईची जागा धरली," तिनं खिडकीतून ओरडून सांगितलं.

नाहीदनं हात वर केला.

बस भरत गेली. एका बाईनं गाठोड्याकडे बोट दाखवून कोणी आहे का विचारलं. "आहे जी," एव्हाना बसमध्ये चढलेला पत्रू म्हणाला.

गाडी सुटली तरी तो बसला नाही. त्या रिकाम्या जागेजवळ, वरचा दांडा धरून, तो उभाच होता.