करवंटीतल्या गोचिडी

निपाणीच्या पंचक्रोशीत कलगोंडा आप्पांच्या गोठ्याचं नाव होतं. त्यांच्या गाईंच्या अंगावर गोचीड औषधालाही दिसायची नाही, आणि घरात औषधाची बाटलीही नसायची. "फवारण्या कसल्या करतायसा? दयेनं पाळा, जनावर आपसूक निरोगी राहतंय," असं ते बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कट्ट्यावर बसून सांगायचे. मुनिमहाराजांसमोर त्यांनी व्रत घेतलं होतं, जाणूनबुजून कुठलाही जीव मारायचा नाही. मुंगीलासुद्धा वाट देणारा माणूस. मुंगीला वाट देताना चारचौघांनी बघावं, एवढीच माफक अपेक्षा.

रोज सकाळी धार काढून झाली की आप्पा गाईच्या कानात, कासेपाशी, शेपटीखाली हात फिरवून गोचिडी वेचत. रक्त पिऊन टम्म झालेली एकेक गोचीड न चिरडता करवंटीत ठेवत आणि करवंटी सुनेच्या, चंदनाच्या, हातात देत. "लांब बांधावर सोडून ये गं. जीव हाय, जगू दे." चंदना मुकाट्यानं करवंटी घेऊन जायची.

श्रावणात चंदनाची आई हिंडलग्याला न्हाणीत घसरून पडली. कंबरेचं हाड मोडलं. चंदना माहेरी गेली ती दसरा आला तरी तिथंच अडकली. मुलगा अभिनंदन कागलच्या कारखान्यात पाळ्या करायचा, त्यामुळं करवंटी आप्पांच्याच गळ्यात आली. गुडघे बांधापर्यंत जाऊ देईनात. मग ते गोठ्यामागं कडब्याच्या गंजीपाशी करवंटी उपडी करून यायला लागले. जवळ काय नि लांब काय, जीव वाचल्याशी मतलब.

गोचिडी मात्र वाढत चालल्या. सकाळी वेचलेल्या जागी संध्याकाळी बारीक पिल्लं दिसायची. आप्पांचं जेवणावरून लक्ष उडालं. बसल्या जागी अंगावर काहीतरी चढतंय असं वाटून ते उठायचे, धोतर झटकायचे, पुन्हा गोठ्यात जाऊन यायचे. अन् एक दिवस चांदीनं, त्यांच्या लाडक्या गाभण गाईनं, वैरणीला तोंड लावलं नाही. अंग तव्यासारखं तापलेलं आणि लघवी लालभडक. आप्पांनी लगोलग जनावरांच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

डॉक्टर नागेंद्र मोटरसायकलवरून आले. इंजेक्शनं दिली, सलाईन लावली.

"रक्तात जंतू शिरलेत, आप्पा. गोचिडीनं आणलेत. गाय वाचंल असं वाटतंय, पण गाभ टिकंल का न्हाय, आत्ताच सांगत न्हाय." त्यांनी गोठ्याच्या भिंतीकडं निरखून बघितलं. "काढलेल्या गोचिडी कुठं टाकता?"

आप्पांनी जरा ताठ मानेनंच गंजीकडं बोट केलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

"अहो, रक्त प्यालेली मादी जमिनीवर सोडली की हजारांनी अंडी घालती! पिल्लं रोग घेऊनच जन्मतात आणि हीच गाय गाठतात. तुम्ही गोठ्याच्या दारात त्यांचं बाळंतपण केलंय, आप्पा. आणि उघड्या हातानं वेचू नका, माणसालाबी ताप देणाऱ्या गोचिडी असतात."

"पर इतकी वर्सं हेच करतोय की आमी! बांधावर सोडत होतो."

"बांधावर सोडून गोठा इतका साफ राहायचा न्हाय. हे काय मला पटत न्हाय बघा."

आप्पांनाही पटेना. डॉक्टर हात धुवायला गेले तेवढ्यात त्यांनी फोन लावला.

"चंदना, गोचिडी तू कुठं सोडत होतीस गं?"

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आप्पा, रागावू नगासा. उकळत्या पाण्यात टाकत होते."

"कवापासनं?"

"लगीन होऊन आले त्याच साली. आधी बांधावर सोडून बघितल्या. गाई परत भरायला लागल्या, मग चुलीवर पाणी ठिवायला लागले."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमचं व्रत मोडलं असतं की."

"आनी तुझं?"

"मी कुठं घेतलं व्रत? रोज ते करायचं आनी महाराजांसमोर खोटं बोलायचं, ते मला जमलं न्हाय."

दर पर्युषणात आप्पांनी ह्या सुनेला भरल्या बस्तीत सुनावलं होतं, की बाकीच्या लेकीसुना व्रत घेतात, तुलाच काय धाड भरली? ती खाली मान घालून उभी राहायची, आणि आप्पा तिच्या नावानं प्रार्थना करायचे. पुण्य त्यांच्या खात्यावर आणि पाप तिच्या. त्यांना स्वतःची एवढी लाज कधीच वाटली नव्हती.

"चांदी आजारी हाय," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

डॉक्टरांनी औषध, पंप, हातमोजे देऊन शेजारच्या मष्णूला बोलावलं. भिंतीच्या फटी, गव्हाणी, गंजीची जागा, सगळं आज फवारायचं, पुन्हा काही दिवसांनी फवारायचं. नाहीतर दुसरी गायही आडवी होईल.

"आप्पा, तुम्ही बस्तीत जाऊन बसा," मष्णू समजुतीनं म्हणाला. "मी मारतो पंप. तुमाला कसलंबी पाप लागायचं न्हाय."

आप्पा निघाले. बस्तीच्या पायरीपर्यंत गेले. आत दिवा होता, शांतता होती, त्यांची रोजची जागा रिकामी होती. त्यांचा पाय काही पायरीवर पडेना. एकदा पुढं, एकदा मागं, असं त्यांनी कितीदा केलं कुणास ठाऊक. शेवटी दुपार कलल्यावर ते गर्रकन वळले आणि गुडघ्यांची पर्वा न करता घरी आले.

गाई बाहेर झाडाखाली बांधलेल्या होत्या. चांदी थोडं पाणी प्याली होती, गाभ अजून टिकून होता. गोठा रिकामा करून मष्णू आत्ता कुठं पंप पाठीला लावत होता.

"आण हिकडं."

"आप्पा, तुमचं व्रत!"

"आण म्हणतोय न्हवं!"

त्यांनी हातमोजे चढवले, तोंडाला टॉवेल बांधला. तेवढ्यात निपाणीहून आलेली वडापची जीप दारात थांबली आणि चंदना पिशवीसकट धावत आत आली. फोन ठेवल्या ठेवल्या निघाली असणार.

"आप्पा, तुमी नगो! मी करते, मला सवय हाय."

तिच्या तोंडचा 'सवय' हा शब्द आप्पांना सोसवला नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणूनच पंप न्हाय द्यायचा तुला. मागं सर, बाळ."

तोंडानं णमोकार मंत्र म्हणत त्यांनी भिंतीच्या फटीत पहिला फवारा मारला. आतून बारीक पिल्लं भराभरा बाहेर आली आणि भिंतीवरून खाली पडू लागली. आप्पांनी डोळे मिटले नाहीत.