महानंदाअक्कांच्या लिव्हरमधला बुडबुडा

मी एक जुना बुडबुडा आहे. हसू नका, मित्रांनो. आमच्यात दहा मिनिटं जगला तो पणजोबा!

माझा जन्म बेंगळुरूचा, पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या एका दवाखान्यातला. श्रीवत्स नावाच्या टेक्निशियननं औषधाची बाटली खळखळून हलवली आणि आम्ही कोट्यवधी भावंडं एकदम जन्मलो. पोटात वायू, अंगावर चरबीचं झिरझिरीत झबलं. रक्तातली तांबडी पेशी म्हणजे माझ्यापुढे हत्तीण!

पलंगावर महानंदाअक्का होत्या. निपाणीच्या, पण इथल्या बोल्टच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेल्या. त्यांच्या लिव्हरवर एक डाग सापडला होता. तो साधा की कॅन्सरचा, एवढंच कळायचं होतं. किडन्या नाजूक, म्हणून सीटी स्कॅनचं औषध चालेना. तेव्हा सोनोग्राफीत डाग उजळायला आमची आठवण झाली.

पहिल्या सुईतून माझी निम्मी भावंडं गेली. पडद्यावर डाग काळा तो काळाच. डॉक्टर सुखदांच्या कपाळाला आठी पडली. अक्कांनी पलंगाची कड घट्ट धरली.

मग डॉक्टरांनी मशीनच्या आवाजाच्या जोराचा आकडा बघितला. अंगानं भरलेलं माणूस आलं की जोर वाढवायचा, ही श्रीवत्सची सवय. त्या दणक्यानं माझी भावंडं उजेड पाडण्याआधीच फुटून गेली होती.

“म्हणजे मी जाडी, म्हणून मशीन ओरडत होती होय रे?” अक्का म्हणाल्या.

“चुकलो अक्का. आता स्वल्प हळू.”

आता माझी पाळी. काय सांगू तुम्हाला! हृदयाचे दरवाजे धाडकन उघडले नि मी फेकला गेलो फुप्फुसात. तिथं माझ्यात आणि बाहेरच्या हवेत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा! परत हृदय, आणि तिथून थेट लिव्हर.

तिथं मशीनचा आवाज आला, कुजबुजल्यासारखा. आधी एक सूर, मग बरोब्बर त्याच्या उलटा. मांसाची दोन्ही उत्तरं, म्हणजे प्रतिध्वनी, एकमेकांना पुसून टाकतात. आमचं तसं नाही. आम्ही फुगतो एका तऱ्हेनं, आकसतो दुसऱ्या. आमचं उत्तर पुसत नाही. ते तेवढंच पडद्यावर चमकतं.

डागाच्या कडेला आधी चार ठिणग्या पेटल्या. मग उजेड हळूहळू आत सरकला, आणि काळा डाग चांदण्यानं भरला. तो उजेड विझेना; कॅन्सरचा डाग असता तर लवकरच विझला असता. मी त्या चांदण्यातला एक कण होतो, मित्रांनो. अजून खरं वाटत नाही.

डॉक्टरांनी तीनदा बघितलं. मग म्हणाल्या, “अक्का, रक्तवाहिन्यांची साधी गाठ आहे. कॅन्सर नाही.”

 अक्कांनी लांब श्वास सोडला. तोवर मी फिरत फिरत फुप्फुसात आलो होतो. झबलं गळून पडलं आणि त्या श्वासाबरोबर मीही बाहेर पडलो.

आता मी नुसता वायू आहे, खिडकीशी तरंगतो. एकच मागणं आहे. आमच्यासारख्या चिमुकल्याला काही विचारायचं असेल, तर हळू विचारा. दरडावलंत तर आम्ही फुटतो, आणि उत्तर आमच्याबरोबर जातं.