घोंगडीने ऐकलेले पहिले गाणे

मित्रांनो, मी टोचते. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे नंतर तक्रार नको. मी काळ्या लोकरीची जुनी घोंगडी आहे. माझ्या कडेला पांढरा पट्टा आहे आणि तो एका जागी उंदराने कुरतडला आहे. सध्या मी चिकलठाण्याच्या पुढे एका कंपनीच्या गेटवर, सोनाजी नावाच्या वॉचमनच्या खांद्यावर असते. त्याआधी काही वर्षे मी गाण्याच्या स्टुडिओत होते. हसू नका, खरेच होते.

माझी लोकर सोनाजीच्याच मेंढ्यांची. तेव्हा त्याचा मोठा कळप होता. दिवाळीनंतर मेंढ्या कातरल्या, लोकर पिंजली आणि सोनाजीची बायको सखूबाई हिने ती हाताने कातली. कातताना तिचे तोंडही चालू असायचे. मेंढ्यांना, नवऱ्याला, पोरांना आणि उन्हाला ती एकाच सुरात बोलायची. मग सणगराने मला मागावर विणले, चिंचोक्याची खळ चोपडली आणि उन्हात वाळवले. नवी असताना मला उभे केले तर मी उभी राहायचे, इतका माझा ताठा होता.

सोनाजीची दोन पोरे, अजिनाथ आणि त्याची धाकटी बहीण ज्ञानेश्वरी, माझ्यावर लोळून मोठी झाली. मी टोचते म्हणून रडायचीही माझ्यावरच. माळावर थंडीत मी त्यांचे अंथरूण होते आणि पाऊस आला की सोनाजीच्या डोक्यावरची खोळ. मला तेव्हा वाटायचे, हे असेच चालायचे.

पण माळावर तारेचे कुंपण आले. चारायला जागा उरली नाही, तसा सोनाजीने कळप विकला आणि बिऱ्हाड मुकुंदवाडीत भाड्याच्या खोलीत आणले. ज्या गायरानावर त्याच्या मेंढ्या चरायच्या तिथे कंपनीचे गेट झाले आणि त्याच गेटवर त्याला नोकरी लागली. लोक म्हणाले, नशीब काढले. मी माळ्यावर ट्रंकेमागे जाऊन पडले.

तिथून मला खाली काढले ते अजिनाथने. तो कॉलेजात गेला आणि त्याला रॅपचे वेड लागले. त्याचा मित्र सत्यम याने घराच्या गच्चीवर पत्र्याच्या खोलीत स्टुडिओ थाटला होता. स्टुडिओ म्हणजे एक कॉम्प्युटर, एक माइक, दोन स्पीकर आणि भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे. या ट्रेंना फार गर्व होता, काम मात्र काडीचे जमत नव्हते. पोरगा बोलला की आवाज पत्र्यावर आपटून परत यायचा आणि सगळा गोंधळ व्हायचा. अजिनाथने मला माइकच्या मागे खिळ्यांवर टांगले. त्याने एक ओळ म्हटली, मी ती गिळली आणि खोली एकदम शांत झाली.

“अबे, ये घोंगडी तो सोन्याची हाय!” सत्यम ओरडला.

ते माझे वैभवाचे दिवस. शहरातली पोरे रांगेने यायची आणि माझ्यासमोर उभी राहायची. पण एक गोष्ट मला खटकायची. दाराबाहेर ती एक भाषा बोलायची आणि माइकसमोर दुसरीच. तेव्हा मुंबईचा जोर होता. मग आमच्या पोरांच्या गाण्यांतही चाळ आली, नाका आला, समुद्र आला. ज्याची धाव पैठणच्या पुढे गेली नव्हती तोही लाटांवर रॅप करायचा. अजिनाथ त्यातलाच.

“दादा, समुद्र कुठं पाहिलास तू?” ज्ञानेश्वरी त्याला छेडायची. “हर्सूलच्या तळ्यात का?”

“तुला नाय कळायचं. असंच चालतं सध्या.”

मग वारे फिरले. पुण्याची मराठी पोरे गाजू लागली आणि आमच्याकडचा समुद्र एका उन्हाळ्यात आटला. आता सगळ्यांच्या गाण्यात पेठा आल्या, कट्टे आले. मागून आणलेला सदरा परत करून दुसऱ्याचा मागून आणावा तसे त्यांचे चालले होते. मी सगळे गिळत होते आणि मला कशाचीच चव लागत नव्हती.

एका दुपारी अजिनाथ बापाचा डबा गेटवर देऊन सरळ स्टुडिओत आला. आज त्याचा चेहरा वेगळा होता. तिकडे गेटवर सोनाजी जेवायला बसला होता आणि तेवढ्यात साहेबाची गाडी आली. तोंडातला घास तसाच ठेवून तो उभा राहिला. पोराने हे पाहिले होते. अजिनाथ माझ्यासमोर उभा राहिला आणि घरात बोलतो तसा बोलू लागला.

“गायरानावर गेट झालं, गेटवर मव्हा बाप,
गाडी आली की उठून उभा, उन्हातान्हात चुपचाप.”

मव्हा म्हणजे माझा, आमच्या घरात तसेच म्हणतात. मित्रांनो, एवढी वर्षे मी आवाज गिळत होते, पण त्या दिवशी मला सखूबाईचे कातणे आठवले, माळ आठवला. त्याने गाणे एका दमात संपवले आणि सत्यमने ते रेकॉर्ड केले. ज्ञानेश्वरी कोपऱ्यात बसली होती. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “दादा, आता तू बोललास.” मला फार आनंद झाला. अजिनाथला एकच हवे होते, आपल्या बापाचे हे उभे राहणे लोकांनी ऐकावे.

सत्यमने ओळखी काढून मुंबईच्या एका गाण्यांच्या कंपनीतल्या माणसाला ते फोनवर ऐकवले. तो खूश झाला. म्हणाला, “मुंबईचं झालं, पुण्याचं झालं, यंदा मराठवाडा चालणार. पण भाऊ, यात दुष्काळ कुठंय? भेगाळलेली जमीन पाहिजे. आणि हे ‘मव्हा’ काय असतं? ते काढ. लई टाक, व्हय टाक, जरा रांगडं बोल. लोकांना कळलं पाहिजे ना, तू गावाकडचा आहेस म्हणून!”

ज्ञानेश्वरी म्हणाली, “दादा, आपल्याला शेत नव्हतंच कधी. भेगा कुठून आणायच्या?”

“ऐकू तर जाऊ दे एकदा लोकांना,” अजिनाथ म्हणाला. “मग पुढचं आपल्या मनानं करू.”

त्याने गाणे बदलले. गेटवरचा बाप गेला आणि भेगाळलेल्या शेतातला बाप आला. दर ओळीच्या शेवटी एक व्हय आला. आवाज त्याने घशातून जाड काढला. कॉम्प्युटरात जागा कमी होती, म्हणून जुने पुसून त्याच्यावरच नवे घेतले. पुसताना तिघांपैकी कुणालाही काही वाटले नाही.

थंडी पडली तसा सोनाजी मला न्यायला पहिल्यांदाच स्टुडिओत आला. अजिनाथ चहा आणायला खाली गेला होता. सत्यम नवे गाणे स्पीकरवर लावून बसला होता. सोनाजी दारातच थांबून ऐकू लागला. हा तोच माणूस, जो कळपातल्या कोकराच्या नुसत्या ओरडण्यावरून त्याची आई कोणती ते सांगायचा.

“कोण पोरगा हाय रं ह्यो?” त्याने विचारले. “लय जोर लावायलाय बोलायला. कुठल्या मुलखातला म्हणायचा?”

सत्यमने मान खाली घातली. सोनाजीच्या मागे अजिनाथ चहाचे कप घेऊन उभा होता. सोनाजीने वळून पोराकडे पाहिले आणि त्याला कळले.

“अरं, तू हायस का!” तो घाईने हसला. “मशीनमधून येगळा लागतो आवाज. ब्येस हाय, चांगलं हाय.” मग माझ्यावर हात फिरवून म्हणाला, “घोंगडी राहू द्या. तुमच्या कामाची हाय.” आणि चहा न घेताच गेला.

त्याची पाठ वळताच अजिनाथ म्हणाला, “सत्या, जुनं लाव. बाबाला बोलावतो परत.”

“जुनं कुठं हाय रे? तूच बोलला ना, पुस म्हणून.”

अजिनाथ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बाहेर पळत जाऊन सत्यमने ज्ञानेश्वरीला बोलावून आणले. अजिनाथने पहिली ओळ धरली आणि आवाज घशातून जाड निघाला. तो थांबला. परत म्हटले, तर शब्द मुंबईच्या ठेक्यात उड्या मारू लागले. ज्ञानेश्वरी म्हणाली, “नाय दादा. परत तसंच करायलास.”

“मग कसं करू?” तो तिच्यावर खेकसला. “सांग ना, कसा बोलत होतो मी?”

ते पहिले गाणे आता माझ्याशिवाय कुणापाशी नव्हते, आणि मी घोंगडी. गिळलेला आवाज मला परत देता येत नाही. त्या दिवसाइतका राग मला स्वतःच्या लोकरीचा कधी आला नाही.

पुढचे सगळे कौतुकाचेच आहे. गाणे गाजले. वरातीत वाजले, रिक्षांत वाजले. चौकात अजिनाथचा फ्लेक्स लागला, ‘मराठवाड्याचा आवाज’. काल समुद्रावर गाणारी पोरे आता दर ओळीला व्हय म्हणू लागली. सत्यमने भिंतीला स्पंज लावला आणि मला घरी पाठवले. अजिनाथने पुढचे गाणे आपल्या मनाने करायचे म्हणून मुंबईला फोन लावला, तेव्हा तो माणूस म्हणाला की यंदा ते खानदेशाकडचे काही शोधत आहेत. त्यानंतर अजिनाथ घरात फार बोलेनासा झाला. बोलायला तोंड उघडतो आणि मध्येच थांबतो. सखूबाईला वाटते, नजर लागली.

मला सोनाजीने गेटवर नेले. परवा एक ट्रक आत जायला थांबला होता आणि ड्रायव्हरने तेच गाणे लावले होते. सोनाजी खुर्चीवरून उठून केबिनपाशी गेला.

“जरा वाढव की आवाज. मव्हं पोरगं हाय ते.”

“काय सांगता काका!” ड्रायव्हरने गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले.

सोनाजी ट्रकच्या दाराला धरून, डोळे मिटून ऐकत होता. मी त्याच्या खांद्यावर होते, मला त्याचा श्वास कळत होता. तो त्या आवाजात आपल्या पोराला शोधत होता.

गाणे संपल्यावर ड्रायव्हरने विचारले, “म्हणजे यातला बाप तुम्हीच का, काका?”

“नाय,” सोनाजी म्हणाला. “त्यो दुसरा कुणीतरी हाय.”

आणि त्याने गेट उघडले.

मित्रांनो, तुम्ही गा, रॅप करा, ज्या गावाचा जोर असेल त्या गावाचे खुशाल ऐका. पण तुमचा घरचा आवाज कशावर तरी जपून ठेवा आणि त्याच्यावर दुसरे काही घेऊ नका. आणि एखादे गाणे केलेत तर ते आधी आईबापाला ऐकवा. कसे वाटले म्हणून त्यांना विचारू नका, मायेची माणसे चांगलेच म्हणतात. नुसते त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.