पडद्याच्या मागे बसणाऱ्या बाया

रूपेशचं लक्षण मला ठीक दिसत नाही. एरवी माझ्यावर पाय देऊन जाणारा हा पोरगा आज सकाळपासून मला उन्हात झटकतोय, सुरकुत्या काढतोय, वर शीळ घालतोय. मित्रांनो, गरजेशिवाय कोणी म्हाताऱ्याचे पाय चेपत नाही.

मी एक जुना पडदा आहे, करावे गावच्या जत्रेतल्या सिनेमाचा. रूपेशची आजी गोजरा हिनं मांजरपाटाचे दोन पन्हे जोडून मला शिवलं, तेही मासळीच्या जाळ्याच्या दोऱ्यानं. मधोमध जाड शिवण आहे. मोठमोठ्या नायिकांच्या नाकावरून ती गेली, पण उसवली नाही. थेटरातल्या पडद्यांनी हे करून दाखवावं!

देवळापुढे दोन बांबूंना मला बांधत. कासमचाचा भाड्याचं मशीन आणत. पुरुष माझ्यापुढे बसत, बाया माझ्यामागे. रीतच होती तशी. मागून हीरो डावखुरा दिसे, पाट्या उलट्या दिसत.

एकदा गोजराची नात रंजिता ओरडली, "आजी, अक्षरा उलटी हायेत!"

"मंग? सुलटी असती त कंची वाचली असती मी?"

बाया खो खो हसल्या. रंजिता मात्र उठली आणि थेट पुरुषांत जाऊन बसली. पुढच्या जत्रेला नेरूळच्या कॉलेजात जाणाऱ्या आणखी पोरी तिच्या शेजारी होत्या. गोजरा मागेच राहिली.

माझ्यावर जे जे उमटलं ते मी विसरलो नाही. नव्वदच्या सुमारास खलनायक बिल्डर असायचा. जमिनी गिळायचा, शेवटी मार खायचा. ज्यांची शेतं नवं शहर वसवायला घेतली गेली होती, तेच बापे सगळ्यात मोठ्या शिट्ट्या मारत. मग मुंबईत दंगली झाल्या, बॉम्ब फुटले. सिनेमातल्या खलनायकाचं नाव बदललं, त्याला दाढी आली. इतकी वर्षं मशीन आणणाऱ्या कासमचाचांना पोरं चहा विचारीनाशी झाली. मला तेव्हाच शंका आली, चोर बदलला की चोरानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं?

नंतर तर खलनायकच गेला. उरला एक बंगला, रुंद जिना आणि न संपणारं लग्न. त्या घरात कोणी जाळं टाकीना, कोणी कामाला जाईना. मग हे खातात काय? कोणी विचारलं नाही. उलट गावात तसलेच जिने झाले, आणि जत्रेत पुढच्या खुर्चीवर गळ्यात हार घालून खराखुरा बिल्डर बसला.

रूपेश आता त्याच्याच गाडीतून फिरतो. दुपारी तो किसन पेंटरला घेऊन आला आणि सगळं उघड झालं. यंदापासून सिनेमा बंद, केबलवर दिसतोच की. माझ्यावर लाल ऑइल पेंटनं बिल्डरचं नाव रंगवायचं आणि आजीच्या उरलेल्या जागेवर तो इमारत बांधणार, म्हणून तिच्या कुंपणावर मला टांगायचं. आजीला विचारलं का? छे!

मित्रांनो, पडद्यावर माती उडाली तर धुऊन घ्या, उंदरानं कुरतडला तर ठिगळ लावा. पण त्याला कोरा ठेवा. एकदा कुणाचं नाव लागलं, की त्यावर दुसरं काही दिसत नाही.

किसननं ब्रश बुडवला, तेवढ्यात गोजरा काठी टेकत आली. तिनं ब्रश काढून घेतला.

"आजी, टेन्शन नको घेऊ," रूपेश म्हणाला. "पावना हाय तो आपला."

गोजरानं मला ओढून खांद्यावर घेतलं.

"आमी बाया जनमभर मागं बसलो, रूपेश. सगला उलटा बघला, तरी चोर कोन ता आमाला बरोबर समजला. तू पुढं बसून बघलास, नि तुला चोर पावना दिसला!"