दोन डाव्या बाह्या

शिंपिणीने दुसरी बाही पहिलीवर ठेवून पाहिली. दोन्ही डाव्याच. सकाळपासून खडू सापडत नव्हता, म्हणून डावी-उजवीची खूण न करताच तिने कापलं होतं. दुसऱ्या वेळी कापड उलटं करायचं राहिलं. आता वीतभरही उरलं नव्हतं.

"तुझ्या बडबडीमुळे झालं हे! गप्प बस म्हटलं होतं ना?"

तिची चार वर्षांची लेक, पिटुकली, टेबलापासून मागे सरकली. शिंपीण चिंध्या जुळवत बसली. मान वर केली तेव्हा टेबलावर कात्री नव्हती, आणि खाली दोन इवले तळपाय दिसत होते.

ती वाकली. कालच धार लावलेली मोठी कात्री पोरीने पोटाशी धरली होती.

"दे इकडे."

तळपाय आणखी आत सरकले.

"ओढून घे आणि दे एक धपाटा," दारातून सासूबाई म्हणाल्या. "लाडोबा करून ठेवलंयस."

"ओढली तर बोटं जातील, आई."

सासूबाईंनी चौकट घट्ट धरली.

शिंपीण फरशीवर आडवी झाली. गालाला फरशी गार लागली.

"चूक माझी आहे, पिटके. कापड उलटं करायचं मीच विसरले."

"मग मला का ओरडलीस?"

"घाबरले होते गं."

"कात्री नसली की तुझं चुकणारच नाही." आणि हळूच, "परत ओरडशील?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"ओरडेन कधीतरी. पण मग अशीच तुझ्याजवळ येईन."

मग कात्री हळूहळू बाहेर आली, मुठीकडून. देताना मूठ समोरच्याकडे करायची, हे शिंपिणीनेच तिला शिकवलं होतं. पाती पोरीच्या हातात होती. शिंपिणीने कात्रीखाली नुसता तळहात धरला.

"आधी तू सोड. मग मी घेते."

एकेक बोट सुटलं. रक्त कुठे नव्हतं. कात्री वर ठेवून तिने रिकामा हात पुन्हा आत पसरला.

त्यावर हलकंसं काही पडलं. निळा खडू.

"हा पण मीच घेतला होता," टेबलाखालून अगदी बारीक आवाज आला. "सकाळी."

"बघ!" सासूबाई म्हणाल्या.

शिंपिणीच्या ओठांशी रागाचे शब्द आले होते. तिने खडू मुठीत मिटला, मूठ पाठीमागे नेली.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली, आणि दुसरा हात पसरला.