बकुळेचं नवं शीड

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या माणसांची स्वतःची बोट आहे, हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कुठल्या लॉटरीत लागली?" तोरसकरांना ती लॉटरीत लागली नव्हती. मर्चंट नेव्हीतला स्वप्नील आणि लोअर परळच्या ऑफिसात नोकरी करणारी त्याची धाकटी बहीण अक्षदा, या दोघांनी मिळून अठ्ठावीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली होती. आजीचं नाव तिला दिलं, बकुळा. बोट भाऊच्या धक्क्यापासून थोडी आत नांगरलेली असे. यंदा जानेवारीच्या अखेरीस तिच्यातून मुक्काम करत करत थेट मालवण गाठायचं, असं ठरलं होतं.

आई मात्र बसनं येणार होती. हे मुलांनी परस्पर ठरवलं होतं.

"आई, तू रेवसच्या लाँचमध्ये ओकली होतीस," स्वप्नील म्हणाला. "इथे बारा दिवस आहेत."

"ती लाँच नव्हती बाधली, तो बटाटावडा बाधला होता."

"बसचं तिकीट काढतो मी."

आई म्हणजे मालन. साठी ओलांडलेली बाई. नवरा गेल्यावर मंडपांची छतं, कनाती आणि झालरी शिवून तिनं दोन पोरं शिकवली होती. मालवणच्या किनाऱ्यावर ती वाढली, पण समुद्रातून घरी जाणं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. आता घरची बोट निघणार आणि आपण खिडकीतली सीट धरून घाट मोजत बसायचं? तिला ते भयंकर लागलं.

आणि मग देवानंच हात दिला म्हणायचं. बोटीची तयारी चालली असताना मोठं शीड वरपासून खालपर्यंत टरकन फाटलं. उन्हानं कापड पार कुजलं होतं. शिडं शिवणाऱ्यानं तारीख दिली ती मार्चची, आणि स्वप्नीलची सुट्टी संपत होती फेब्रुवारीत. पोरगा डोकं धरून बसला.

"कापड आणून दे," मालन म्हणाली. "मी शिवते. पण शीड वाऱ्यात नीट उभं राहिलं, तर मी बोटीवर. नाही राहिलं, तर काढ तिकीट."

अक्षदानं टाळी दिली. स्वप्नीलनं नाइलाजानं मान हलवली.

कापडाचं ठाण आलं, पांढरंशुभ्र, पापडासारखं कडकडीत. चाळीच्या खोलीत ते उलगडणंही शक्य नव्हतं, म्हणून मंडळाचा हॉल मागितला. फाटकं शीड जमिनीवर पसरून मालननं मापं घेतली आणि नाक मुरडलं. जुन्या शिडाचे पट्टे आडवे जोडलेले होते. "ज्यानं हे शिवलं त्याला कापडातलं ओ की ठो कळत नव्हतं," ती म्हणाली. "सगळा ताण मागच्या कडेवर येतो, मग उभा धागा तिथे नको का? म्हणूनच फाटलं."

तिचे सासरे लवू तोरसकर खुर्चीत बसून बघत होते. ब्याऐंशी वर्षांचे, चौतीस वर्षं मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेले. त्यांनीही मान डोलावली. गिरणीच्या घरात हे लहान पोरालाही ठाऊक असतं: उभा धागा म्हणजे ताणा, तो दमदार, आडवा धागा म्हणजे बाणा, तो त्याच्या मानानं लेचापेचा. मालननं पट्टे उभे लावले. ब्लाउजला टक्स घालतात तशी प्रत्येक शिवणीला हलकी गोलाई दिली, म्हणजे शिडाला पोट येतं. झिगझॅगच्या मशीनवर आठ दिवसांत शीड तयार झालं. दिसायला तर इतकं देखणं की चाळीतल्या बायका त्याच्यासोबत फोटो काढून गेल्या.

नवव्या दिवशी सकाळी ते बकुळेवर चढलं. वारा जेमतेम होता तोवर सगळं छान होतं. वारा वाढला तसं शीड मागच्या कडेनं सैलावत गेलं, पोत्यासारखं फुगलं आणि फडफड फडफड करू लागलं. बोट पुढे जायच्या ऐवजी आडवी सरकायला लागली. स्वप्नीलनं शीड उतरवलं आणि इंजिन सुरू केलं. मालनला ते फार लागलं. धक्क्यावर पाय ठेवेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

हॉलमध्ये शीड टाकून ती भिंतीला टेकून बसली. तिला रडायला येत होतं, आणि रडायचाही राग येत होता. शिवण कुठे चुकली? एक टाका वाकडा नव्हता.

लवूंनी खाली पडलेलं एक कातरण उचललं. कडेला नखानं उसवलं, एक उभा धागा ओढून काढला, मग एक आडवा. दोन्ही तळहातावर ठेवून चष्म्याजवळ नेले.

"मालन, हय ये गो. ह्यो ताणो बघ."

उभा धागा नागमोडी होता. आडवा सुईसारखा सरळ.

"ह्या कापड उलटा विणल्यानी हा," म्हातारा म्हणाला. "आमच्या मिलात ताणो भारी. हय बाणो भारी. नागमोडी धागो वडलो की आधी सरळ जाता, आणि मगे कापड सैल पडता. पट्टे आडवेच व्हये होते."

"म्हणजे जुन्या शिडवाल्याला सगळं कळत होतं, मामंजी."

"तेका कळत होता. आपण शाणे."

मालन खळखळून हसली. काय चुकलं ते कळलं होतं, म्हणजे आता फक्त काम उरलं होतं, आणि कामाला ती कधी भ्यायली नव्हती. शिंप्याच्या सवयीनं तिनं कापड जास्तीचं मागवलं होतं, ते आता कामाला आलं.

पण हॉल आता महिला मंडळाचा होता. संक्रांतीचं हळदीकुंकू चालू झालं होतं. मालननं सरळ सांगितलं, "मी हलणार नाही. तुम्ही या, वाण लुटा, आणि जाताना एकेक टोक धरा." बायका काय, तयारच होत्या. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, तोंडात तिळगूळ, आणि ओळीनं बसून हातात पांढरं शीड ताणून धरलेलं. अक्षदा खडूनं रेघा आखत होती आणि मालन मशीन पळवत होती. पट्टे या वेळी आडवे लागले. सहा दिवसांत शीड पुन्हा तयार झालं.

दुसऱ्या चाचणीला वाऱ्यानं कंजुषी केली नाही. शीड वर गेलं, एकदा फटकारलं आणि गप्प झालं. मागची कड दोरीसारखी ताठ. बकुळा एका अंगावर कलली आणि पाणी कापत सुटली. अक्षदा ओरडायला लागली. स्वप्नील मान मागे टाकून शिडाकडे बघतच राहिला.

आणि नेमकी तेव्हाच मालन कठड्यावरून वाकून भडाभडा ओकली.

तोंड पुसून ती वळली. आता हा तिकिटाचं काढणार, म्हणून तिनं आधीच तोंड उघडलं, "शर्त शिडाची होती. पोटाची नव्हती!"

स्वप्नील सुकाणू धरून हसायला लागला. "आई, मी चौदा वर्षं जहाजावर आहे. प्रत्येक वेळी पहिले दोन दिवस ओकतो."

"आणि मला कधी बोलला नाहीस?"

"तू नोकरी सोडायला लावली असतीस."

"लावलीच असती," मालन म्हणाली, आणि दोरी आवरायला बसली.

सव्वीस जानेवारीला सकाळी बकुळा निघाली. तांदूळ, सुकट, सोलं, पाण्याचे कॅन, सगळं मालननं स्वतः लावलं होतं. धक्क्यावर लवू खुर्ची टाकून बसले होते. बोटीनं नांगर उचलला, शीड चढलं, वारा भरला. म्हातारा काठी टेकत उठला आणि शेजारच्या कोळणींना, हमालांना, ऐकेल त्याला सांगू लागला. साच्यांच्या खडखडाटावरून बोलायची जन्माची सवय. तो आवाज पाण्यावरून थेट बोटीपर्यंत पोचला.

"ता शीड बघतास? माझ्या सुनेन शिवल्यान! माझ्या सुनेन!"

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात सासऱ्यानं कधी भाजीलासुद्धा बरी म्हटलं नव्हतं. मालननं पदर खोचला, डोळे पुसले आणि तितक्याच मोठ्यानं ओरडली, "मामंजी, खाली बसा, पडाल!"